मिल सुरू झाली की लिंक जाते: साखर कारखान्यातल्या एका फायबर जोडणीचं प्रकरण

गळीत हंगाम ऐन भरात होता. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर आणि मिल हाऊस यांच्यामधली फायबर लिंक दर पाळीला कितीतरी वेळा जायची आणि दोन-तीन सेकंदांत आपली आपण परत यायची. तेवढ्या वेळात मिल हाऊसमधल्या रिमोट आय-ओचा (यंत्रांचे संकेत घेणाऱ्या-देणाऱ्या उपकरणाचा) पीएलसीशी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या मुख्य नियंत्रकाशी, संपर्क तुटायचा, केन कॅरियरचा (ऊस मिलकडे वाहून नेणाऱ्या यंत्रणेचा) ड्राइव्ह सुरक्षित स्थितीत जाऊन थांबायचा, आणि गव्हाणीपासून शेवटच्या मिलपर्यंत सगळं पुन्हा लायनीवर आणताना ऑपरेटरच्या तोंडाला फेस यायचा. यार्डात ट्रॅक्टर आणि टायरगाड्यांची रांग लागलेली. तोडलेला ऊस उन्हात जितका थांबेल तितकं त्याचं वजन घटतं आणि साखरही उतरते. नुकसान शेतकऱ्याचंही आणि कारखान्याच्या उताऱ्याचंही.

मी लातूरहून ऑटोमेशन आणि नेटवर्कची कामं करतो. या लिंकचं वैशिष्ट्य असं, की ती कधीच पूर्ण बंद पडली नव्हती. स्विच (नेटवर्कच्या केबल जोडणारी उपकरणं) नवे, ओटीडीआरचा (फायबरमध्ये प्रकाश सोडून दोष शोधणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट स्वच्छ, पोर्टवरचा दिवा हिरवा. अशा वेळी दिव्यावर विसंबून चालत नाही. पलीकडे किती प्रकाश पोचतोय ते मोजावं लागतं, आणि दोन्ही दिशांनी वेगवेगळं मोजावं लागतं. आपल्या भागातल्या कारखान्यांत आता सगळीकडे फायबर येतंय, पण हे मोजमाप फार थोड्या ठिकाणी होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

फायबर टाकायची वेळ का आली

आधी पॉवर हाऊस, बॉयलर आणि मिल हाऊस कॅट-६ केबलनं जोडलेले होते. तांब्याच्या इथरनेटला १०० मीटरची मर्यादा असते, त्यामुळे मधे कुठंतरी पत्र्याच्या डब्यात एक छोटा स्विच बसवून अंतर पुरं केलेलं. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन आला की त्या डब्यातला स्विच आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळायचे. वीज प्रत्यक्ष केबलवर पडावीच लागते असं नाही. जवळपास कुठं पडली तरी दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो, आणि तांब्याची तार त्या फरकाला वाट करून देते. त्यात मिलच्या मोठ्या मोटारी व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) गेल्यापासून केबल ट्रेमधला इलेक्ट्रिकल गोंगाट वाढला होता. काचेतून वीज वाहत नाही आणि गोंगाटही शिरत नाही. त्यामुळे फायबरचा निर्णय अगदी योग्य होता.

ऑफ सीझनमध्ये काम झालं. चार ठिकाणं रिंगमध्ये जोडली: पॉवर हाऊसची कंट्रोल रूम, बॉयलर, मिल हाऊस आणि यार्डातला वजनकाटा. काट्यावरून केबल परत पॉवर हाऊसला. प्रत्येक ठिकाणी डिन रेलवर बसणारा, २४ व्होल्ट डीसीवर चालणारा मॅनेज्ड स्विच आणि त्यात दोन गिगाबिट एसएफपी, म्हणजे विजेच्या संकेताचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा संकेत करणारे मॉड्यूल. केबल सहा कोअरची (काचेचे सहा धागे), आर्मर्ड (पोलादी आवरणाची), सिंगल मोड (बारीक गाभ्याची). एसएफपी १०००बेस-एलएक्स, म्हणजे १३१० नॅनोमीटरचे. प्रत्येक टोकाला भिंतीवर एलआययू बॉक्स (केबल जिथं संपते तो डबा), त्यात पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे) स्प्लाइस केलेल्या, म्हणजे वितळवून जोडलेल्या, आणि तिथून पॅनेलमधल्या स्विचपर्यंत पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर). कागदावर यात कुठंच खोट नव्हती. रिंगसाठी एमआरपी प्रोटोकॉल होता. एखादी बाजू तुटली तर तो दुसऱ्या बाजूनं रस्ता खुला करतो, आणि त्यासाठी ५० उपकरणांपर्यंतच्या रिंगमध्ये जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद घेतो.

सप्टेंबरात तपासणी झाली तेव्हा सगळे दिवे हिरवे होते, पिंग जात होता. गव्हाण पूजन झालं, मोळी टाकली, मिल फिरली, आणि लिंक लुकलुकायला लागली.

मी जाण्याआधी काय काय झालं होतं

इन्स्ट्रुमेंट विभागातल्या माणसांनी हात बांधून वाट पाहिली नव्हती. मिल हाऊसचा स्विच बदलून झाला होता. दोन्ही टोकांचे एसएफपी बदलून झाले होते. केबल ट्रेंचमध्ये उंदीर, घुशी असतात, म्हणून सगळा ट्रेंच उघडून पाहिला होता. शेवटी केबल टाकणाऱ्या ठेकेदाराला बोलावलं, त्यानं ओटीडीआर लावला. बॉयलरच्या एलआययूपासून मिल हाऊसच्या एलआययूपर्यंत साधारण साडेचारशे मीटरची केबल. सगळे कोअर दोन्ही तरंगलांबींवर स्वच्छ, स्प्लाइसचा लॉस नगण्य. रिपोर्टवर सही होऊन तो फाइलला लागला.

मग कुणीतरी सुचवलं की रिमोट आय-ओचा वॉचडॉग दोन-तीन सेकंदांचा करून टाका, म्हणजे लिंक गेलेली ड्राइव्हला कळणारच नाही. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत धोकादायक सल्ला हाच होता. वॉचडॉग म्हणजे संपर्क तुटल्यावर यंत्रानं किती वेळ जुन्या आदेशावर चालत राहायचं त्याची मुदत. केन कॅरियर तीन सेकंद कुणाच्याही ताब्यात नसताना ऊस पुढं ढकलत राहिला तर मिल चोक होऊ शकते, आणि कुणी इमर्जन्सी बटण दाबलं असेल तर परिणाम त्याहून वाईट. शिफ्ट इंजिनिअरनं तो सल्ला मानला नाही, हे फार चांगलं झालं. वॉचडॉग बदलायला हवा होता हे खरं, पण वेगळ्या कारणासाठी. त्याबद्दल पुढं येईल.

पहिलं काम: खराब बाजू मुद्दाम बंद करणं

रिंगमध्ये सरळ तुटलेली फायबर एक वेळ परवडते. रिंग एकदा रस्ता बदलते आणि विषय संपतो. लुकलुकणारी फायबर मात्र रिंगला स्वस्थ बसू देत नाही. लिंक आली की रिंग बंद, गेली की पुन्हा उघड, आणि प्रत्येक बदलात आय-ओचा संपर्क जातो. म्हणून हंगाम चालू असताना दोष शोधत बसण्याआधी तो पोर्ट स्विचच्या सेटिंगमधून बंद करायचा असं ठरलं. मिल हाऊसचा सगळा संवाद मग वजनकाट्याच्या बाजूनं फिरून जाणार होता.

पण एक पाय काढायचा तर दुसरा भक्कम आहे का ते आधी पाहायला हवं. बहुतेक एसएफपींमध्ये हल्ली डीडीएम असतो. मॉड्यूल किती प्रकाश सोडतोय, किती घेतोय, त्याचं तापमान किती, हे स्विचच्या पानावर दिसतं. कारखान्यात ते पान कुणी उघडलेलं नव्हतं. तिथले आकडे असे होते. (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. दोन आकड्यांतला फरक, म्हणजे वाटेतला लॉस, डीबीत.)

बॉयलरकडून मिल हाऊसकडे: बॉयलरचा एसएफपी सोडतोय उणे ६ डीबीएम, मिल हाऊसला पोचतोय उणे ७.४. म्हणजे वाटेत दीड डीबीसुद्धा जात नाही. उत्तम.

मिल हाऊसकडून बॉयलरकडे: सोडतोय तेवढाच, उणे ६ च्या आसपास. पोचतोय उणे १७. पान पुन्हा उघडलं की उणे १९. थोड्या वेळानं उणे १६. या एसएफपीची ग्रहणक्षमता उणे २० डीबीएम. आकडा त्या रेषेच्या आसपास गेला की स्विचच्या खात्यात सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची नोंद) वाढत होते, आणि रेषेखाली गेला की लिंक जात होती. एरर फक्त बॉयलरच्या पोर्टवर साठले होते. मिल हाऊसच्या पोर्टवर शून्य.

दोष कुठल्या दिशेचा आहे हे दिव्यांवरून कुणाच्याच लक्षात का आलं नाही, त्याचंही कारण आहे. गिगाबिट फायबरमध्ये दोन्ही पोर्ट आपसात ऑटो-निगोशिएशन करतात. एका टोकाला प्रकाश कमी पडून समक्रमण सुटलं की ते नव्यानं सुरू होतं, आणि दोन्ही टोकांचे दिवे एकदमच विझतात. दिवा पाहणाऱ्याला वाटतं की अख्खी केबलच गेली.

दुसरा पाय म्हणजे वजनकाट्याची बाजू. मिल हाऊसकडून काट्यावर पोचणारा प्रकाश उणे १४. आकडा स्थिर होता, उणे २० पासून ६ डीबी वर होता, त्यामुळे काम चालण्यासारखं होतं. पण अंतर पाहता तिथं उणे ८ च्या आसपास आकडा यायला हवा होता. तो तसाच वहीत लिहून ठेवला आणि बॉयलरकडचा पोर्ट बंद केला. लुकलुकणं त्या क्षणी थांबलं. मिल सलग चालायला लागली आणि आम्हाला निवांत शोधायला वेळ मिळाला.

उणे ८ चा अंदाज कुठून आला

हा हिशेब शाळेतल्या बेरजेचा आहे आणि एसएफपी विकत घेण्याआधी तो करायचा असतो. सिंगल मोड फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी जातात. साडेचारशे मीटरला ०.१६. म्हणजे कारखान्याच्या आवारात काचेच्या लांबीला जवळपास किंमतच नाही. सगळा खर्च सांध्यांवर होतो. कनेक्टरच्या प्रत्येक जोडीला टीआयए या दूरसंचार उद्योग संघटनेच्या मानकानुसार कमाल ०.७५ डीबी धरतात, आणि फ्यूजन स्प्लाइसला ०.३. चांगलं काम असेल तर प्रत्यक्षात कनेक्टरला पाव-अर्धा आणि स्प्लाइसला ०.१ च्या आत बसतं. दोन एलआययू, दोन स्प्लाइस: वाईटात वाईट सव्वादोन डीबी, चांगल्या कामात एक ते दीड. एसएफपीच्या पत्रकात सोडण्याची किमान पातळी उणे ९.५ आणि घेण्याची मर्यादा उणे २० होती. म्हणजे खिशात साडेदहा डीबी आणि खर्च दोन-सव्वादोन. एवढी ऐपत असताना लिंक जात असेल, तर कुठंतरी ढोबळ चूक आहे. नजरेआड राहील इतका बारीक दोष एवढे डीबी खाऊ शकत नाही.

उलटंही होऊ शकतं, म्हणून सांगतो. साडेचारशे मीटरला कुणी ८० किलोमीटरचा एसएफपी लावला, तर प्रकाश इतका जास्त पोचतो की घेणारं टोक आंधळं होतं. तिथं मधे अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) घालावा लागतो. 'जास्त पल्ल्याचा घेतला म्हणजे भारी' हा हिशेब इथं चालत नाही.

काचेला दिशा नसते

स्विचचे आकडे पहिल्या अंदाजाला पुरेसे, पण त्यांच्यावर निकाल देऊ नये. डीडीएमच्या मानकात ३ डीबीपर्यंतची चूक मान्य आहे. म्हणून त्या बाजूचे दोन्ही एसएफपी काढून ठेवले आणि हातातला लाइट सोर्स व पॉवर मीटर घेतला. मिल हाऊसच्या टोकाला सोर्स, बॉयलरला मीटर: ११ डीबी लॉस, आणि आकडा हलता. मग अदलाबदल. बॉयलरला सोर्स, मिल हाऊसला मीटर: सव्वा डीबी, स्थिर. एसएफपी आणि स्विच दोन्ही बाहेर असूनही तोच फरक. म्हणजे दोष जोडणीतच होता.

पुढची शंका कोअरवर. मिल हाऊसकडून निघणारा प्रकाश निळ्या कोअरमधून जात होता, उलटा नारिंगीतून. दोन्ही टोकांना ते एकमेकांच्या जागी लावले. निळा कोअर खराब असता, तर आता उलटी दिशा बिघडायला हवी होती. तसं झालं नाही. मिल हाऊसकडून निघणाराच प्रकाश अडत होता, कोअर कुठलाही असो.

इथं थांबून विचार करावा लागतो. सगळीकडे एकाच जातीची काच असेल, तर घाण, वाकण किंवा खराब स्प्लाइस दोन्ही दिशांनी जवळपास सारखाच प्रकाश खातात. एकाच वाटेवर जाताना अकरा आणि येताना सव्वा डीबी जात असेल, तर वाटेत कुठंतरी काचेच्या गाभ्याचा व्यास बदलतोय. दुसरं समजण्यासारखं कारण उरत नाही. आणि ओटीडीआरनं दोन एलआययूंमधली केबल चांगली आहे असं सांगितलेलंच होतं. त्या तपासणीत न आलेली एकच गोष्ट शिल्लक होती: एलआययूपासून स्विचपर्यंतची पॅच कॉर्ड.

बॉयलरकडची कॉर्ड पिवळी होती, उघडी होती, नजरेसमोर होती. मिल हाऊसची दिसत नव्हती. बगॅसचा भुसा सगळीकडे उडतो म्हणून तिथं एलआययूपासून पॅनेलपर्यंत करड्या फ्लेक्झिबल पाइपातून कॉर्ड ओवली होती. पाइप मिलच्या फाउंडेशनजवळच्या चॅनेलला टेकून गेलेला. पॅनेलच्या आत दोन-तीन इंच कॉर्ड दिसत होती, पण तिच्यावर भुसा आणि ग्रीस मिळून काळपट थर बसलेला. तिथले वायरमन मामा टॉर्च धरून उभे राहिले आणि मी ओल्या कपड्यानं ती पुसली. खालून नारिंगी रंग निघाला. आणखी थोडं पुसल्यावर आवरणावरची बारीक छपाई वाचता आली: ६२.५/१२५. मल्टिमोड, म्हणजे जाड गाभ्याची.

खात्री करायला मीटर चालू ठेवून बॉयलरवरच्या पोराला फोन लावला आणि मामांना पाइप हातानं जरा वाकवायला सांगितलं.

"सर, आकडा खाली चाललाय! आता उणे एकवीस दावायलाय."

मामांनी पाइप सोडला.

"आता परत सतरावर आला बगा."

मिल फिरताना तो पाइप हेच दिवसभर करत होता.

दोन मीटरच्या कॉर्डनं एवढं कसं बिघडतं

सिंगल मोड फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉन, त्या नारिंगी कॉर्डचा ६२.५. बाहेरचा व्यास दोन्हींचा १२५ मायक्रॉन आणि कनेक्टरही तेच, त्यामुळे हाताला काहीच फरक कळत नाही. खट् आवाज करून कॉर्ड व्यवस्थित बसते. बॉयलरकडून येणारा प्रकाश ९ मधून ६२.५ मध्ये शिरतो, तो पुरता मावतो. पुढं एसएफपीचा डिटेक्टरही मोठा, सगळा प्रकाश टिपतो. म्हणून ती दिशा निर्दोष. मिल हाऊसकडून जाणारा प्रकाश आधी ६२.५ मध्ये शिरतो आणि एलआययूवर त्याला ९ मध्ये घुसावं लागतं. क्षेत्रफळात सुमारे ४८ पटींचा फरक. प्रकाश मोठ्या गाभ्यात पूर्ण पसरलेला असेल, तर एवढ्यानंच १७ डीबीच्या आसपास जातात.

मामांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे मोटारीच्या पायपाचं पाणी ठिबकच्या नळीत घालायलोत की आपण." अगदी तेच.

मग सतरा न जाता अकराच का जात होते, आणि तेही हलते? एसएफपीचा लेसर मोठ्या गाभ्यात मधोमध, बारीक झोतानं शिरतो. कॉर्ड दोनच मीटरची असल्यानं झोत पूर्ण पसरायच्या आत एलआययूवर पोचतो, त्यामुळे बराच प्रकाश वाचतो. पण मल्टिमोड गाभ्यात प्रकाशाच्या अनेक वाटा असतात. कॉर्ड जराशी वाकली, हलली की या वाटांमधली वाटणी बदलते आणि टोकाशी उजेडाचे ठिपके जागा बदलतात. त्यातलं जे काही बरोबर मधल्या ९ मायक्रॉनवर पडेल तेवढंच पुढं जातं. मिल बंद असताना ही वाटणी स्थिर राहते, म्हणून सप्टेंबरातली तपासणी पास झाली. मिल फिरली की पाइप थरथरतो आणि पोचणारा प्रकाश खाली-वर होतो. 'मिल चालू झाली की लिंक जाते' असं ऑपरेटर पहिल्या दिवसापासून सांगत होते. त्यांचं निरीक्षण अचूक होतं.

काट्याच्या बाजूचं कोडंही इथंच सुटलं. त्याच पॅनेलमधून काट्याकडे जाणारी दुसरी कॉर्डही नारिंगीच निघाली. फक्त ती पाइपात नव्हती, पॅनेलमध्ये घट्ट बांधलेली होती, थरथरत नव्हती, म्हणून उणे १४ वर स्थिर बसली होती. केबल टाय एखाद्या दिवशी तुटला असता, तर रिंगच्या दोन्ही बाजू एकदम लुकलुकल्या असत्या.

नारिंगी कॉर्ड आली कुठून? कारखान्याच्या स्टोअरमध्ये जुन्या सीसीटीव्ही कामातल्या मल्टिमोड कॉर्ड शिल्लक होत्या आणि आयत्या वेळी दोन कमी पडल्या. ही अडचण खरी आहे. छत्रपती संभाजीनगरला शेंद्रा आणि वाळूजमध्ये स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ऑप्टिकल फायबर बनवते. काचेच्या प्रीफॉर्मपासून धाग्यापर्यंतचं काम मराठवाड्यातच होतं. आणि तालुक्याच्या बाजारात मात्र एक साधी एलसी-एससी (कनेक्टरचे दोन आकार) ड्युप्लेक्स (दोन धाग्यांची) सिंगल मोड कॉर्ड मिळायची मारामार. दुकानात घरगुती ब्रॉडबँडच्या हिरव्या टोकाच्या कॉर्ड हव्या तेवढ्या. त्या इथं चालत नाहीत. हिरवं टोक एपीसी, म्हणजे ८ अंशांच्या कोनात घासलेलं. निळं यूपीसी, कोनाशिवाय घासलेलं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मधे फट राहते, प्रकाश वाया जातो आणि टोकं खराब होऊ शकतात. तेव्हा घाईगर्दीत पिवळ्याऐवजी नारिंगी लावू नये आणि निळ्याऐवजी हिरवंही लावू नये. कामाच्या यादीतच दोन-चार जास्तीच्या कॉर्ड धराव्यात.

दुरुस्ती

मिल साफसफाईसाठी थांबली त्या वेळात दोन्ही नारिंगी कॉर्ड काढल्या आणि सिंगल मोड, एलसी यूपीसी ते एससी यूपीसी अशा पिवळ्या कॉर्ड घातल्या. जोडण्याआधी प्रत्येक टोक ४०० पट मोठं करणाऱ्या स्कोपखाली पाहिलं. नवीन, पाकीटबंद कॉर्डच्या टोकावरही डाग होता, आणि एलआययूच्या अॅडॉप्टरमध्ये भुशाचे कण होते, कारण वापरात नसलेल्या कोअरच्या टोप्या कुणीतरी काढून ठेवल्या होत्या. ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर भुशाचा एक कण म्हणजे बंद दार. त्यात तो कण दोन टोकांमध्ये दाबला गेला तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो. एका क्लिकवर चालणारा कोरडा क्लीनर आधी, त्यानं डाग गेला नाही तर धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लगेच कोरडं पुसणं. तोंडानं फुंकर मारायची नाही, बनियनच्या टोकाला पुसायचं नाही. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालायचा नाही. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे 'बंद आहे' असं डोळ्यांनी ठरवता येत नाही.

फ्लेक्झिबल पाइप ठेवला, कारण भुशापासून संरक्षण हवंच होतं. तो फाउंडेशनच्या चॅनेलपासून सोडवून भिंतीवरून नेला, वळणं मोठी दिली. ड्युप्लेक्स कॉर्डमध्ये एका टोकाचा ट्रान्समिट दुसऱ्या टोकाच्या रिसीव्हला जायला हवा. तो मेळ तपासून पोर्ट चालू केला. मिल पुन्हा सुरू झाल्यावर बॉयलरला पोचणारा प्रकाश उणे ७.५, आणि पान कितीदाही उघडलं तरी दशांशाच्या पुढं हालचाल नाही. काट्याकडे उणे ७.९. सीआरसी एरर शून्यावर आणून ठेवले, ते शून्यच राहिले.

आता वॉचडॉग. रिंगला रस्ता बदलायला २०० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात आणि आय-ओचा वॉचडॉग त्याच्या बराच आत ठेवलेला होता. म्हणजे रिंग असून नसल्यासारखी. एखादी बाजू तुटली की रस्ता मिळायच्या आत ड्राइव्ह थांबणारच. ड्राइव्हच्या लोकांशी बोलून, एवढा उशीर केन कॅरियरला चालतो हे तपासून, वॉचडॉग २०० च्या थोडा वर नेला. मग मिल चालू असतानाच बॉयलरकडची कॉर्ड मुद्दाम काढून पाहिली. कॅरियर थांबला नाही. रिंग बसवल्यावर ही चाचणी करायलाच हवी होती. ती चालत्या यंत्रावरच करावी लागते.

त्याच पाहणीत निघालेल्या दोन गोष्टी

बॉयलरच्या पॅनेलमधल्या एसएफपीचं तापमान डीडीएममध्ये ६४ अंश दिसत होतं, आणि तेही थंडीच्या दिवसांत. मॉड्यूल साध्या प्रतीचे, ० ते ७० अंशांसाठीचे. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा ४२-४३ वर जातो, त्यात बॉयलरची धग आणि बंद पॅनेल. हंगाम एप्रिलपर्यंत लांबला असता तर ७० ची रेषा नक्की ओलांडली गेली असती. तिथं उणे ४० ते ८५ अंशांचे औद्योगिक प्रतीचे एसएफपी घातले. स्विच औद्योगिक प्रतीचा आणि त्यातलं मॉड्यूल ऑफिसच्या प्रतीचं, हा प्रकार मला जागोजागी दिसतो. स्विचच्या पत्रकावरचं तापमान एसएफपीला आपोआप लागू होत नाही.

दुसरी गोष्ट आर्मरची. केबलचं पोलादी आवरण दोन्ही टोकांना पॅनेलच्या बॉडीला जोडलेलं होतं. विजेच्या भीतीनं तांबं काढलं आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये पुन्हा पोलादाचा पूल बांधला, असं ते झालं होतं. इलेक्ट्रिकल विभागाशी बोलून आर्मर पॉवर हाऊसकडच्या टोकाला अर्थ केलं आणि दुसऱ्या टोकाला मागं छाटून इन्सुलेट केलं. यार्डातला काटा मोकळ्या माळावर, सगळ्यात उघडा. त्या बाजूची केबल पुढच्या ऑफ सीझनमध्ये बदलायची ठरली आहे, आणि तिथं धातू नसलेली, एफआरपी आर्मरची केबल मागवली आहे.

प्रत्येक पॅनेलच्या दारावर आता आतल्या बाजूनं एक लॅमिनेट केलेलं पान आहे. कोणता कोअर कुठं जातो, एसएफपी कुठल्या तरंगलांबीचा, कॉर्ड कुठल्या जातीची, आणि दुरुस्तीनंतर दोन्ही दिशांनी मोजलेले डीबीएम. स्काडावर (कंट्रोल रूममधल्या देखरेखीच्या संगणकावर) प्रत्येक पोर्टचा पोचणारा प्रकाश घेतला आहे. पानावरच्या आकड्यापेक्षा तो ३ डीबी खाली गेला की कंट्रोल रूममध्ये अलार्म येतो. अलार्म आला की आधी टोक स्कोपखाली पाहून साफ करायचं, मग कॉर्ड बदलायची, आणि त्यानंतरही आकडा वर आला नाही तरच ओटीडीआरवाल्याला फोन करायचा, हा क्रम त्याच पानावर खाली लिहिला आहे. पुढच्या कामाच्या निविदेतही अट घातली आहे: ओटीडीआरचा ग्राफ द्यावाच, शिवाय पॅच कॉर्ड लावून, मिल चालू असताना, दोन्ही बाजूंनी पॉवर मीटरनं घेतलेले आकडे द्यावेत, त्याशिवाय बिल पास होणार नाही.